इंटरनेट नसलेल्या प्रवासात सिनेमा पाहायचा आहे? तयारी या क्रमाने करा

डाउनलोडच्या यादीत सिनेमा दिसतो, त्याच्यापुढे बरोबरची खूण असते, आणि तरीही रेंज नसलेल्या जागी प्ले दाबल्यावर 'इंटरनेट कनेक्शन तपासा' एवढाच संदेश येतो. यात नशिबाचा भाग फार थोडा असतो. वाटेत अडलेला सिनेमा बहुतेक वेळा घरीच, तयारीचा क्रम चुकल्यामुळे अडलेला असतो.

सबस्क्रिप्शनच्या ॲपमधून उतरवलेला सिनेमा कुलूपबंद असतो. कुलूप उघडणारी किल्ली, म्हणजे परवाना, वेगळा येतो आणि त्याला मुदत असते. सिनेमा फोनमध्ये पूर्ण उतरलेला असूनही परवाना संपला की तो चालत नाही. एवढे ध्यानात घेतले तर पुढच्या पायऱ्या याच क्रमाने का आहेत ते कळेल.

तयारीला निघण्याच्या किमान दोन दिवस आधी बसा. आदल्या रात्री बसलात तर चुका सापडतील, पण दुरुस्त करायला वेळ उरणार नाही.

## १. सिनेमा कुठून येणार ते आधी ठरवा

ऑफलाइन पाहण्याचे तीन मार्ग आहेत आणि तिघांचे नियम वेगळे आहेत. गोंधळ होतो तो एकाचा नियम दुसऱ्याला लावल्यामुळे.

पहिला मार्ग सबस्क्रिप्शनच्या ॲपचा: नेटफ्लिक्स, प्राइम व्हिडिओ, यूट्यूब प्रीमियम वगैरे. हे डाउनलोड फक्त त्याच ॲपमध्ये आणि त्याच उपकरणावर चालतात. फोनमधले फोल्डर शोधून ती फाइल पेन ड्राइव्हवर किंवा दुसऱ्याच्या फोनवर टाकली तर काहीही उपयोग होत नाही.

दुसरा मार्ग भाड्याने किंवा विकत घेतलेल्या सिनेमाचा. विकत घेतलेला असला तरी तो सहसा ॲपच्या आतच राहतो. भाड्याच्या सिनेमाला दोन मुदती असतात, त्यांच्याकडे पुढे येऊ.

तिसरा मार्ग तुमच्या स्वतःच्या फाइलींचा: तुम्ही चित्रित केलेले व्हिडिओ, कॉपीराइटची मुदत संपल्यामुळे इंटरनेट आर्काइव्हसारख्या ठिकाणी मोफत उपलब्ध असलेले जुने सिनेमे, किंवा निर्मात्याने कुलपाशिवाय विकलेल्या फाइली. यांना परवाना लागत नाही, मुदत नसते, आणि त्या कोणत्याही उपकरणावर कितीही वेळा हलवता येतात. आठवड्याहून मोठा प्रवास नेटशिवाय करायचा असेल, तर थोडा तरी साठा या तिसऱ्या प्रकारचा ठेवा असे मी आग्रहाने सांगेन. बाकी सगळे बंद पडले तरी तो चालतो.

सावधान: यूट्यूबवर एखादा व्हिडिओ घरी पूर्ण पाहिला म्हणजे तो फोनमध्ये राहिला असे नाही. ब्राउझरमध्ये टॅब उघडा ठेवल्यानेही सिनेमा साठत नाही. डाउनलोडचे बटण दाबलेले नसेल तर सिनेमा तुमच्याकडे नाही.

लॅपटॉपवर पाहायचे ठरवत असाल तर ॲपमध्ये डाउनलोडची सोय आहे का ते आत्ताच पाहा. नेटफ्लिक्सने २०२४ मध्ये विंडोजच्या ॲपमधून ही सोय काढून टाकली, आणि जुन्या आठवणीवर विसंबून लॅपटॉप घेऊन निघालेले अजूनही फसतात. प्राइम व्हिडिओचे मॅकसाठीचे ॲप डाउनलोड करू देते, पण ब्राउझरमधून ते होत नाही. तुमचा प्लॅन जाहिरातींचा, कमी दराचा असेल तर त्यात डाउनलोड मिळते का आणि किती, हेही खात्याच्या पानावर बघून घ्या.

## २. मुदतीचे गणित करा, मगच डाउनलोडला हात घाला

बहुतेकांचा क्रम इथे चुकतो. आधी भराभर डाउनलोड होते आणि मुदतीचा विचार वाटेत येतो.

दोन घड्याळे वेगळी ओळखा. पहिले घड्याळ डाउनलोड केल्यापासून (भाड्याच्या सिनेमाचे भाड्याने घेतल्यापासून) चालू होते, दुसरे पहिल्यांदा प्ले दाबल्यापासून. भाड्याच्या सिनेमाचा सर्वसाधारण नियम असा, की पाहायला सुरुवात करण्यासाठी ३० दिवस आणि एकदा सुरू केला की संपवण्यासाठी ४८ तास. सबस्क्रिप्शनमधल्या अनेक सिनेमांनाही असाच ४८ तासांचा नियम लागतो. नेटफ्लिक्सवर मुदत सिनेमागणिक बदलते. सात दिवसांपेक्षा कमी उरले असतील तर डाउनलोडच्या यादीत उरलेला वेळ दिसतो. यूट्यूबच्या डाउनलोडला साधारण महिन्यातून एकदा तरी फोन नेटला जोडावा लागतो.

यातून दोन गोष्टी ठरतात.

सिनेमा नेमका कधी पाहणार आहात तो दिवस धरून उलटे मोजा. परतीच्या प्रवासात, दहाव्या दिवशी पाहायचा सिनेमा छोट्या मुदतीचा असेल, तर तो निघताना उतरवून उपयोग नाही. त्या दिवसासाठी लांब मुदतीचा किंवा स्वतःच्या फाइलींपैकी एखादा राखून ठेवा.

दुसरे म्हणजे, 'चालतो का बघू' म्हणून प्रत्येक सिनेमा दोन मिनिटे लावून बघू नका. ज्याला प्लेनंतरचे घड्याळ आहे त्याचे ४८ तास त्या दोन मिनिटांनी सुरू होतात. चाचणी करायचीच आहे, पण ती कशी ते सहाव्या पायरीत येईल.

दुसऱ्या देशात जाणार असाल तर आणखी एक लक्षात ठेवा: सिनेमाचे हक्क देशानुसार असतात. तिथे पोहोचून फोन नेटला जोडल्यावर काही डाउनलोड न चालण्याची शक्यता असते. म्हणून फार आवडीचा सिनेमा जातानाच्या प्रवासात पाहून टाका.

## ३. जागा मोजा

अंदाजाने जागा पुरत नाही, आणि इथे गणित अगदी सोपे आहे. बिटरेट म्हणजे व्हिडिओच्या एका सेकंदाला लागणारा डेटा; १ एमबीपीएस (सेकंदाला दहा लाख बिट) बिटरेटचा व्हिडिओ तासाला सुमारे ४५० एमबी घेतो. अडीच तासांचा सिनेमा १.५ एमबीपीएसने उतरवला तर सुमारे १.७ जीबी, ४ एमबीपीएसने उतरवला तर सुमारे ४.५ जीबी. फोनच्या पडद्यावर या दोन्हींत जाणवणारा फरक कमी आणि जागेतला फरक अडीच पटींहून जास्त.

म्हणून फोनसाठी 'स्टँडर्ड' दर्जा ठेवा. मोठ्या टॅबलेटवर किंवा लॅपटॉपवर पाहणार असाल तरच वरचा दर्जा निवडा. सगळ्यात वरचा दर्जा निवडून चारच सिनेमे मावले आणि पाचव्याला जागा उरली नाही, असे फार जणांचे होते.

एकूण स्टोरेजपैकी दहा टक्क्यांच्या आसपास जागा मोकळी सोडा. स्टोरेज काठोकाठ भरले की फोन रखडतो आणि प्रवासात फोटो काढायलाही जागा राहत नाही.

मेमरी कार्ड वापरणार असाल तर ते आधी बसवा, ॲपच्या सेटिंगमध्ये डाउनलोडची जागा 'एसडी कार्ड' अशी बदला, आणि मगच डाउनलोड सुरू करा. ॲपचे डाउनलोड असलेले कार्ड काढून दुसऱ्या फोनमध्ये घातल्यास ते तिथे चालणार नाहीत. परवाना पहिल्या फोनकडेच राहतो.

## ४. डाउनलोड करताना

डाउनलोड सुरू करण्यापूर्वी या सेटिंग बघा:

१. डाउनलोड फक्त वाय-फायवर. मोबाइल डेटा मध्येच संपून अर्धवट राहिलेले डाउनलोड यादीत मात्र दिसत राहते.
२. व्हीपीएन (फोन दुसऱ्या ठिकाणी असल्याचे भासवू शकणारी सोय) बंद.
३. ऑडिओची भाषा. बऱ्याच ॲपमध्ये सिनेमासोबत सगळ्या भाषांचे आवाज उतरत नाहीत, निवडलेली भाषाच उतरते. मराठी किंवा हिंदी आवाजात पाहायचे असेल तर ती भाषा डाउनलोडच्या आधी निवडा. नेट गेल्यावर ती बदलता येत नाही.
४. सबटायटल. हाच नियम.
५. प्रोफाइल. मुलांसाठी जे घ्यायचे ते मुलांच्याच प्रोफाइलमधून उतरवा आणि मुलांच्याच प्रोफाइलमधून उघडून बघा.

१० एमबीपीएसच्या वाय-फायवर २ जीबीचा सिनेमा उतरायला साधारण २७ मिनिटे लागतात, तीही वेग स्थिर राहिला तर. सहा-सात सिनेमांसाठी रात्रीचा वेळ द्या आणि फोन चार्जरला लावा. बॅटरी वाचवण्याचा मोड चालू असेल तर मागे चाललेले डाउनलोड फोन स्वतःच थांबवतो, म्हणून तो मोड तेवढ्या वेळापुरता बंद ठेवा. ॲप बंद करून झोपलात आणि सकाळी डाउनलोड तिथेच अडकलेले दिसले, तर बहुधा कारण हेच असते.

तपासा: सकाळी यादी उघडून प्रत्येक सिनेमासमोर पूर्ण झाल्याची खूण आहे का ते एकेक करून बघा. मालिका असेल तर प्रत्येक भाग वेगळा तपासा. चौथा भाग राहून गेल्याचे तिसरा संपल्यावर कळणे फार त्रासाचे असते.

## ५. स्वतःच्या फाइली तयार करा

ज्यांना फक्त ॲप वापरायचे आहे त्यांनी ही पायरी सोडून पुढे जावे. बाकीच्यांनी मात्र घाई करू नये, कारण इथे चूक झाली तर चित्र दिसते आणि आवाज येत नाही, किंवा फाइल उघडतच नाही.

सर्वांत बिनधोक जोडी म्हणजे एमपी४ फाइल, आत एच.२६४ व्हिडिओ आणि एएसी आवाज (ही चित्र आणि आवाज दाबून साठवण्याच्या पद्धतींची नावे). फोन, टॅबलेट, लॅपटॉप आणि बहुतेक टीव्ही ही जोडी चालवतात. एच.२६५ तेवढ्याच दर्जाला बरीच कमी जागा घेतो, पण उपकरणाच्या चिपमध्ये त्याची सोय नसेल तर सगळा भार प्रोसेसरवर येतो: फोन तापतो, चित्र अडखळते, बॅटरी झपाट्याने उतरते. एव्ही१ तर आणखी नवा, २०१८ चा. तुमच्या फोनवर तो नीट चालतो याची खात्री असेल तरच वापरा.

फाइल दुसऱ्या प्रकारात असेल तर हँडब्रेक हे मोफत सॉफ्टवेअर संगणकावर घ्या. त्यातला 'फास्ट ७२०पी३०' हा तयार पर्याय फोनसाठी पुरेसा आहे. हँडब्रेक कुलूपबंद सिनेमा उघडत नाही आणि त्यासाठी ते नाहीच; ते तुमच्या मोकळ्या फाइलींसाठी आहे. रूपांतराला वेळ लागतो, जुन्या लॅपटॉपवर तर बराच, म्हणून हे काम पहिल्या दिवशीच लावून द्या.

पाहण्यासाठी व्हीएलसी घ्या. मोफत आहे, जाहिराती नाहीत, आणि बहुतेक सगळे प्रकार चालवते. काही प्लेअर आणि टीव्ही डॉल्बी किंवा डीटीएस प्रकारचा आवाज वाजवत नाहीत. चित्र दिसते आणि आवाज नसतो तेव्हा बहुतेक वेळा हीच अडचण असते.

कॉपी करताना होणाऱ्या चुका:

पेन ड्राइव्ह किंवा कार्ड एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेले असेल तर त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही. जागा भरपूर असूनही 'जागा नाही' किंवा 'फाइल फार मोठी आहे' असा संदेश येतो आणि लोक नवीन पेन ड्राइव्ह आणायला निघतात. एक्सफॅट या दुसऱ्या पद्धतीने फॉरमॅट केले की प्रश्न सुटतो. फॉरमॅट केल्याने आधीचे सगळे पुसले जाते, तेव्हा जे हवे ते आधी बाजूला काढा. टीव्हीला लावणार असाल तर तो टीव्ही एक्सफॅट वाचतो का हेही पाहा.

अँड्रॉइड फोन केबलने जोडल्यावर संगणकाला तो दिसत नसेल, तर फोनच्या सूचनांमध्ये जाऊन 'चार्जिंग' ऐवजी 'फाइल ट्रान्सफर' निवडा. तरीही दिसला नाही तर केबल बदला. काही केबल फक्त चार्जिंगच्या असतात. आयफोनवर व्हीएलसीच्या वाय-फाय शेअरिंगने, म्हणजे संगणकाच्या ब्राउझरमधून, फाइली सरळ ॲपमध्ये टाकता येतात.

सबटायटलची एसआरटी फाइल सिनेमाच्याच फोल्डरमध्ये, अगदी त्याच नावाने ठेवा. मराठी किंवा हिंदी सबटायटलच्या जागी चौकोन किंवा अगम्य खुणा दिसल्या तर ती फाइल यूटीएफ-८ मध्ये (सगळ्या लिपींची अक्षरे साठवणाऱ्या पद्धतीत) पुन्हा सेव्ह करा.

सावधान: क्लाउडमधल्या फाइली फसव्या असतात. वनड्राइव्हमध्ये फाइलचे नाव संगणकावर दिसते, पण शेजारी ढगाची खूण असेल तर फाइल प्रत्यक्षात तिथे नाही. तिच्यावर राइट क्लिक करून ती कायम याच संगणकावर ठेवण्याचा पर्याय निवडा. आयफोनवर स्टोरेज वाचवण्याचा पर्याय चालू असेल, किंवा गूगल फोटोजमध्ये 'जागा मोकळी करा' दाबलेले असेल, तर तुमचे स्वतःचे व्हिडिओही नेटशिवाय उघडणार नाहीत. घरच्या समारंभाचा व्हिडिओ नातेवाइकांना दाखवायचा असेल तर हे आवर्जून बघा.

तपासा: कॉपी झालेली प्रत्येक फाइल उघडून शेवटच्या दहा मिनिटांवर सरकवा. तिथे चित्र आणि आवाज असेल तर ती पूर्ण उतरली आहे. सुरुवात चालली म्हणून शेवट असेलच असे नाही. केबल मध्येच निसटली तर शेवट गायब असतो. या फाइलींना मुदत नसल्यामुळे इथे हवे तेवढे तपासा.

## ६. घरी बसून नेटशिवाय चाचणी

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, आणि सर्वाधिक लोक वगळतात तीही हीच. वाय-फाय चालू ठेवून सिनेमा लावून पाहणे ही चाचणी नव्हे, कारण त्या वेळी ॲप गुपचूप नेटवरून परवाना घेते आणि उणीव झाकली जाते.

१. एअरप्लेन मोड चालू करा. वाय-फाय वेगळे चालू राहिलेले नाही ना, ते बघा. काही फोन आधीची सवय लक्षात ठेवून ते चालूच ठेवतात.
२. ॲप पूर्ण बंद करा. पडद्यावरून बाजूला सारणे पुरत नाही. अलीकडच्या ॲपच्या यादीतून काढून टाका.
३. फोन रीस्टार्ट करा. विमानात किंवा गाडीत फोन बंद होऊन पुन्हा सुरू झाला तर काय होईल, ते इथेच कळते.
४. ॲप उघडा. लॉगिन मागत असेल तर चाचणी इथेच फसली: नेट जोडा, लॉगिन करा, पुन्हा पहिल्या टप्प्यापासून.
५. डाउनलोडच्या यादीत जाऊन नमुन्यादाखल एकच गोष्ट लावा.

नमुना कोणता घ्यायचा? ज्या ॲपमधून सिनेमे उतरवले त्याच ॲपमधला एखाद्या मालिकेचा छोटा भाग फक्त चाचणीसाठी उतरवा. त्याचे ४८ तास सुरू झाले तरी बिघडत नाही. आवाजाची भाषा आणि सबटायटल त्यावर बदलून पाहा. वापरणार असाल त्या प्रत्येक ॲपसाठी असा एक नमुना हवा. भाड्याच्या सिनेमाला मात्र हात लावू नका. त्याच्या पानावर डाउनलोड पूर्ण दिसते एवढे पुरे.

फोनची तारीख आणि वेळ आपोआप ठरण्यावर ठेवा. हाताने मागेपुढे केली तर परवाना तपासताना ॲप अडते.

## ७. चाचणीनंतर काय करायचे नाही

चाचणी यशस्वी झाली की ॲपला शिवू नका. लॉगआउट केले की बहुतेक ॲपमध्ये सगळे डाउनलोड पुसले जातात. 'क्लिअर डेटा' दाबले तरी तेच. जागा करण्यासाठी सफाईचे ॲप चालवू नका. निघायच्या सकाळी ॲप अपडेट करू नका. करायचेच असेल तर आधी करा आणि सहावी पायरी पुन्हा करा. खात्याचा पासवर्ड बदलायचा असेल तर तो परत आल्यावर. प्लॅनची मुदत प्रवासाच्या मध्येच संपत असेल तर ती आधीच वाढवून ठेवा.

## ८. आवाज आणि बॅटरी

ब्लूटूथ इअरफोन एअरप्लेन मोडमध्येही चालतात, मोड लावल्यावर ब्लूटूथ वेगळे चालू करायचे. तरीही तारेचे इअरफोन सोबत ठेवा, आणि फोनला गोल जॅक नसेल तर त्याचा जोडही. दोघांना एकाच पडद्यावर पाहायचे असेल तर तारेच्या इअरफोनसाठी छोटा स्प्लिटर (एका जॅकचे दोन करणारा जोड) हा सगळ्यांत भरवशाचा उपाय आहे.

बॅटरी पडद्याच्या उजेडात सर्वांत जास्त जाते. उजेड अर्ध्यावर आणा. रेंज नसलेल्या भागात फोन सतत टॉवर शोधत राहतो आणि त्यातही बॅटरी संपते, म्हणून रेल्वेत किंवा बसमध्येही सिनेमा पाहताना एअरप्लेन मोड लावा.

विमानाने जाणार असाल तर पॉवर बँक हातातल्या सामानातच ठेवा, चेक-इन सामानात ती चालत नाही. सर्वसाधारण मर्यादा १०० वॉट-अवर आहे. त्यापुढे १६० पर्यंत विमान कंपनीची परवानगी लागते. हिशेब असा: एमएएच गुणिले व्होल्ट, भागिले १,०००. म्हणजे ३.७ व्होल्टची २०,००० एमएएचची पॉवर बँक ७४ वॉट-अवरची, चालणारी. काही विमान कंपन्या उड्डाणात ती वापरू देत नाहीत, तेव्हा विमानात चढताना फोन पूर्ण चार्ज असू द्या.

मुक्कामी खोलीतल्या टीव्हीवर पाहण्याची आशा ॲपच्या डाउनलोडवर ठेवू नका. अनेक ॲप केबलने जोडलेल्या पडद्यावर चित्र पाठवत नाहीत, बऱ्याच फोनचा यूएसबी-सी पोर्ट चित्र बाहेर देतच नाही, आणि कास्ट करायला, म्हणजे फोनवरून बिनतारी टीव्हीवर सिनेमा लावायला, बहुधा नेट लागते. टीव्हीसाठी पेन ड्राइव्हवरच्या स्वतःच्या फाइलीच न्या.

## ९. वाटेत थोडा वेळ वाय-फाय मिळाले तर

स्टेशनवर किंवा मुक्कामी वीस मिनिटे वाय-फाय मिळाले की नवीन सिनेमे शोधत बसू नका. आधी प्रत्येक ॲप एकदा उघडा, म्हणजे खाते तपासून होते. मग यादीत मुदत संपलेले दिसले तर त्यांच्यापुढचे नूतनीकरणाचे बटण दाबा. अनेकदा पूर्ण सिनेमा पुन्हा उतरवावा लागत नाही, फक्त परवाना येतो आणि त्याला काही क्षण पुरतात. मात्र काही सिनेमे ठरावीक वेळाच उतरवता किंवा नव्याने चालू करता येतात, तेव्हा आणखी मुदत उरलेल्यांना हात लावू नका. त्यानंतर पाहून झालेले पुसा. वेळ उरलाच तर एखादा छोटा भाग स्टँडर्ड दर्जात उतरवा, आणि वाय-फाय सोडण्यापूर्वी एअरप्लेन मोड लावून नूतनीकरण केलेल्यांपैकी एक चालतो का ते तिथेच बघून घ्या.